घोडा हाती धरून चालताना

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. जबलपूरसारख्या छावणीच्या गावात ही म्हण दोन्ही अंगांनी पटते. साहेबाचे राहू द्या. घोड्यापुरती मात्र ती अर्धीच खरी आहे. तबेल्यातल्या दुखापती काही नुसत्या मागच्या लाथेने होत नाहीत. पावलावर पडलेला खूर, दाराच्या चौकटीत चेंगरलेला खांदा, हाताला गुंडाळलेल्या दोरीने सोलून निघालेली बोटे, शेजारून गेलेल्या दुसऱ्याच घोड्याने घेतलेला चावा, हे सगळे घडते घोडा इथून तिथे नेताना. स्वार पाठीवर बसतो तो दिवसातला तास-दोन तास. एरवी घोडा जमिनीवर चालणाऱ्या माणसाच्या हाती असतो: ठाणावरून हौदाकडे, हौदावरून नालबंदाकडे, तिथून मैदानात आणि परत. या चालण्याकडे कोणी शिकण्याची गोष्ट म्हणून पाहत नाही. दोरी धरली की झाले, अशीच समजूत असते.

म्हणीत जे राहिले ते घोड्याच्या डोळ्यांत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवता त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते. हा पल्ला 350 अंशांच्या आसपास धरतात. न दिसणाऱ्या जागा दोनच. एक शेपटीच्या थेट मागे, दुसरी कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली. नवखा माणूस मायेने सरळ कपाळावर हात ठेवायला जातो. तो हात ऐन शेवटच्या क्षणी घोड्याला दिसेनासा होतो, मान झटक्यात वर जाते, आणि मध्ये आपली हनुवटी असली तर दाताची आशा सोडावी. म्हणून घोड्याकडे जायचे ते खांद्याच्या रोखाने, थोडे तिरके, आणि आधी आवाज देऊन. आवाज महत्त्वाचा, कारण घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो. डोळे अर्धे मिटलेले, मागचा एक पाय सैल सोडलेला, अशा घोड्याच्या पुठ्ठ्यावर न बोलता हात टाकणे म्हणजे लाथ मागून घेणे. पहिला स्पर्श मानेला किंवा खांद्याला करावा.

हे झाले एका घोड्याचे. सामायिक तबेल्यात गोष्ट वेगळी होते. वरातीच्या दोन घोड्या, शर्यतीतून निवृत्त झालेला एखादा थरोब्रेड, कुणाच्या हौसेचा मारवाडी, मुलांना शिकवायचे तट्टू, अशी सगळी मंडळी एकाच आवारात. मालक वेगळे, मोतद्दार वेगळे, चंदीच्या वेळा वेगळ्या. प्रत्येक माणूस आपल्या घोड्याला ओळखतो; शेजारच्याच्या घोड्याला ओळखेलच असे नाही. घोडे मात्र एकमेकांना पक्के ओळखतात. कोण कोणाच्या पुढे चालणार, कोण कोणाला हौदावर टिकू देणार नाही, हे त्यांचे ठरलेले असते, आणि दोरी हातात घेतलेला माणूस त्या ठरलेल्या गोष्टींच्या मधून चालत असतो. माझ्या मते आवारातल्या साऱ्या नियमांचे मूळ इथे आहे. आपला घोडा कितीही गरीब असला तरी उपयोग नाही, कारण पुढच्या वळणावरून येणारा घोडा आपल्या ओळखीचा नसतो.

असे तबेले काही नवे नाहीत. शिवकाळातली पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा सामायिक तबेलाच. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद, अशी तिची बांधणी बखरकार सभासदाने नोंदवली आहे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस ठेवलेला. कोणी कोणाच्या घोड्याला पाणी दाखवायचे यावरून भांडण नको. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र सगळ्यांना ठाऊक असते ते रयतेच्या काळजीसाठी. पण त्या पत्रातला बराच मजकूर घोड्यांचा आहे. पावसाळ्याची वैरण-दाणा आत्ताच उधळून टाकलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, ही एक ताकीद. दुसरी आगीची. गवताजवळ कोणी चूल पेटवेल, कोणी चिलमीला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग गवत गेले की पागा गेली. तबेल्याच्या सुरक्षिततेबद्दल इतका बारीक विचार करणारा मराठी मजकूर मला दुसरा माहीत नाही. उंदीर वात नेतो हे ज्याने पागेत रात्री काढल्या आहेत त्यालाच सुचते. आजच्या तबेल्यात उंदराच्या वातीऐवजी गंजीशेजारी ओढलेली बिडी आणि उघड्या वायरी आहेत, एवढाच फरक.

जबलपूरने मराठी घोडे पाहिले ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी. 1781 मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी शहर घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी घोडदळाची शाळा काढली तीही याच टापूत, सागरला.

आता प्रत्यक्ष दोरीकडे येऊ. घोडा नेताना माणसाने कुठे चालावे? पुढे चालून ओढत नेणे सर्वांना सुचते, कारण बैल, बकरी, म्हैस आपण तशीच नेतो. घोड्यालाही तसे नेणारे पुष्कळ आहेत. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोड्यांवर जे लिहिले त्यात याच प्रश्नाचा खल आहे. माणूस पुढे चालला तर त्याला घोडा दिसत नाही आणि घोड्याला मात्र हवे ते करायची मोकळीक मिळते. घोडा लांब दोरीवर पुढे सोडला तर तो कुठल्याही बाजूला खोडी काढतो, उलटा फिरून माणसासमोर उभाही राहतो. आणि असे अनेक घोडे एकत्र न्यायचे असतील तर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणार कसे, असे तो विचारतो. त्याचे उत्तर होते: बाजूने चाला. बाजूने नेलेला घोडा माणसांना आणि इतर घोड्यांना सगळ्यांत कमी त्रास देतो. सामायिक आवाराचा विचार त्याने तेव्हाच केला होता म्हणायचा. या उत्तरात आजवर कोणी फार बदल केलेला नाही.

बाजू म्हणजे घोड्याचे डोके आणि खांदा यांच्या मधली जागा, मानेला लागून, साधारण हातभर अंतरावर. तिथून त्याचे कान दिसतात, डोळा दिसतो, आणि पुढचा पाय आपल्या पावलावर येणार असेल तर आधी कळते. रिवाज डाव्या बाजूने चालण्याचा. तलवार डाव्या कमरेला लटकायची म्हणून स्वार डावीकडून चढे, आणि त्यावरून सगळी कामे डावीकडून होऊ लागली, असे सांगतात. कारण काही असो, घोड्याला दोन्ही बाजूंनी चालायची सवय हवी. आपला घोडा माणूस डाव्या अंगाला असतानाच चालायला शिकलेला असेल आणि त्याच अंगाला दुसरा घोडा बांधलेला असेल, तर दोन घोड्यांच्या मध्ये आपण सापडतो. बाजू बदलून स्वतः भिंतीकडून किंवा मोकळ्या अंगाने जावे आणि त्या घोड्यापासून आठ-दहा फूट लांब राहावे, हे शहाणपण रोजच्या सरावाशिवाय जमत नाही.

दोरी धरण्याची रीत साधी आहे आणि तीच सगळ्यांत जास्त मोडली जाते. उजवा हात म्होरकीच्या कडीखाली वीतभर अंतरावर. उरलेली दोरी डाव्या हातात, आठाच्या आकड्यासारखी मागे-पुढे घडी घालून, घड्यांच्या मधोमध मूठ. मनगटाला वेटोळे नाही, बोटाला फास नाही. थंडीत हात खिशात घालता यावा म्हणून दोरी कोपराला गुंडाळून चालणारे लोक मी पाहिले आहेत. साडेतीनशे ते पाचशे किलोचे जनावर बुजून उधळले की वेटोळे आवळायला क्षण लागत नाही, आणि मग माणूस घोड्याच्या मागे फरफटत जातो. म्होरकीत नुसती बोटे अडकवून नेणेही तेवढेच वाईट. मान वर गेली की बोटे अडकतात. खोगीर चढवलेला घोडा असेल तर रिकिबी वर सरकवून ठेवाव्यात, कारण लोंबती रिकीब दाराच्या कडीत अडकते. लगाम मानेवरून पुढे घेऊन दोन्ही वाद्या हातात धराव्यात.

घोडा अडला तर? समोर उभे राहून, डोळ्यांत डोळे घालून दोरी ताणणे हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे आणि तो फुकट जातो. डोक्यावर ताण आला की घोड्याची ओढ मागेच असते. ताकदीच्या या झुंजीत माणूस कधीही जिंकत नाही, आणि दोरी तुटली तर घोडा मागे बसतो. कामाचे ते एवढे: परत खांद्याशी यावे, दोरीला हलकासा ताण द्यावा, आणि त्याने एक पाऊल टाकले रे टाकले की ताण लगेच सोडावा. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. ज्याला ही सोडण्याची वेळ कळते त्याच्या हाताला घोडा लागतो. चाबूकस्वाराचे सगळे कसब याच्यात आहे. नाहीतर घोडा का अडला तेच आधी पाहावे. आवारातली गटाराची जाळी, ओल्या फरशीवरचा चकाकता डाग, उन्हात वाळत घातलेली ताडपत्री, यांपैकी काहीतरी त्याला नवे असते. मान खाली घालून हुंगायला दोन क्षण दिले तर तो बहुतेक वेळा स्वतःच पाऊल उचलतो. जबलपूरच्या मे महिन्यातल्या उन्हातून काळोख्या ठाणात शिरतानाही तेच. घोड्याचे डोळे अंधाराला माणसापेक्षा उशिरा सरावतात. उंबऱ्यावर तो थबकला तर तो हट्ट नसतो, त्याला आत काहीच दिसत नसते.

वळवताना घोडा आपल्यापासून दूर वळवावा. डाव्या बाजूने चालत असाल तर उजवीकडे. म्हणजे आपण वळणाच्या बाहेरच्या अंगाला राहतो आणि त्याचे पाय आपल्या पायांपासून लांब जातात. आपल्याकडे ओढून वळवला की खूर आपल्या पावलावर येतो. चपला घालून घोडा नेणे हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा प्रकार आहे. यावर जास्त लिहीत नाही. नाल मारलेला खूर आणि चप्पल यांची एकदा गाठ पडली की पुन्हा सांगावे लागत नाही.

दारात अपघात जास्त का होतात? घोड्याच्या कमरेची हाडे बाहेर आलेली असतात. पुढचा भाग दारातून गेला की तो सुटल्यासारखा वळतो आणि कंबर चौकटीवर आपटते. एकदा आपटली की पुढच्या वेळी तो दार दिसताच धाव घेतो, आणि धावताना पुन्हा आपटतो. ही खोड माणसानेच लावलेली असते. दार पूर्ण उघडावे, वाऱ्याने परत येणार नाही असे अडकवावे, कडीचा दांडा आत ढकलावा, आणि घोडा पूर्ण बाहेर पडेपर्यंत सरळ चालावे. दार अरुंद असेल तर त्याच्याबरोबर खांद्याला खांदा लावून चौकटीत घुसू नये. आपण आधी पाऊल टाकावे, दोरी पुरेशी सैल ठेवावी आणि लगेच बाजूला व्हावे. मैदानात सोडताना फाटकातून आत नेल्यावर त्याला वळवून तोंड फाटकाकडे करावे आणि मगच कडी सोडावी. सुटल्याच्या आनंदात घोडा गर्रकन वळून दुगाण्या झाडतो. तोंड फाटकाकडे असले तर त्याला वळायला वेळ लागतो आणि आपल्याला दोन पावले मागे सरायला अवधी मिळतो.

आता दोन घोड्यांची गोष्ट, जिच्यासाठी एवढा प्रपंच. चालताना पुढच्या घोड्याच्या मागे निदान एक घोडाभर जागा सोडावी. घोड्याची लांबी आठ फुटांच्या आसपास असते. समोरासमोर यायची वेळ आली तर ज्याला थांबायला जागा आहे त्याने थांबावे आणि आपला घोडा असा वळवावा की त्याचे पुठ्ठे जाणाऱ्या घोड्याकडे नकोत. घोडे एकमेकांना नाकाने भेटायला जातात. माणसांना ते गोड वाटते. पण पुढच्या क्षणी एक जण किंचाळतो आणि पुढचा पाय आपटतो, आणि तो पाय दोरी धरणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो. नाकाला नाक लावू देऊ नये. नर घोडा आणि माजावर आलेली घोडी एका वेळी आवारात काढूच नयेत. ज्याला लाथ मारायची सवय आहे त्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची इंग्रजी पद्धत चांगली आहे, पण ती बांधली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

बांधलेल्या घोड्याच्या मागून जाणे टाळता येत नाही असेही प्रसंग येतात. तेव्हा एक तर दहा-बारा फूट लांबून जावे, नाहीतर पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत, अगदी चिकटून जावे. मधले तीन-चार फुटांचे अंतर सगळ्यांत वाईट. लाथेला पुरता जोर तिथे येतो. मात्र चिकटून जाणे हे त्या घोड्याला ओळखणाऱ्या मोकळ्या माणसाचे काम. हातात दुसरा घोडा असेल तर लांबूनच जावे किंवा त्या मोतद्दाराला हाक मारून घोडा सरकवायला सांगावे. हाक मारण्याची लाज अनेकांना वाटते. वळणावर, आंधळ्या कोपऱ्यावर, ठाणाच्या रांगेत शिरताना "घोडा येतोय" म्हणून ओरडलेच पाहिजे. जबलपुरात ही हाक हिंदीत असेल, इचलकरंजीत मराठीत. घोड्याला फरक पडत नाही, माणसाला पडतो.

आणि एक घोडा सुटला की? "सुटला!" अशी आरोळी द्यावी, बाहेरचे फाटक कोणीतरी बंद करावे, आणि हातात घोडा असलेल्या प्रत्येकाने आपापला घोडा जवळच्या ठाणात घालावा. ठाण लांब असेल तर घोड्याचे तोंड सुटलेल्याकडे करून शांत उभे राहावे. पाठलाग कोणीच करू नये. पाठीमागे माणूस धावला की घोड्याच्या दृष्टीने तो शिकारीच. चंदीची बादली हलवून खडखड करणे हा उपाय जुना आहे आणि आजही तोच लागू पडतो.

दोरी आणखी एक गोष्ट इकडून तिकडे नेते, जी डोळ्यांना दिसत नाही. 2025 च्या एप्रिल-मेमध्ये हैदराबादहून 57 घोडे जबलपूर जिल्ह्यातल्या रायपुरा गावी आणले गेले आणि त्यांतले काही दगावले. ग्लँडर्सची शंका आल्याने नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले गेले, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले. ग्लँडर्स हा बर्कहोल्डेरिया मॅलेई या जिवाणूचा रोग. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी आणि फुटणारे व्रण ही त्याची लक्षणे. लस नाही, आणि तो माणसालाही होतो. पसरतो तो सामायिक हौदातून, दाण्याच्या बादलीतून, एकाची म्होरकी दुसऱ्याला चढवण्यातून. देशात 2009 च्या कायद्यानुसार त्याची शंका आली तरी कळवणे बंधनकारक आहे. म्हणून नवा घोडा आवारात आला की त्याचे ठाण, बादली, खरारा, म्होरकी आणि शक्य तर माणूसही निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, आणि त्याला सगळ्यांत शेवटी बाहेर काढावे. जबलपूरकरांना सल्ला घ्यायला लांब जावे लागत नाही. इथले पशुवैद्यक महाविद्यालय 1948 चे आहे, आणि 2009 मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाला आता नाव आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे.

तबेल्याशी संबंध नसलेल्या वाचकाला घोडा भेटतो तो लग्नाच्या वरातीत, आणि तेव्हा रस्ता हेच सामायिक आवार होते. नवरदेव वर, पुढे बँड, मागे नाचणारी मंडळी, आणि या सगळ्यात घोडीची सगळी भिस्त लगाम धरलेल्या एका माणसावर. वरातीत असाल तर घोडीच्या मागे दहा-बारा फूट मोकळे सोडा, फटाक्यांची माळ तिच्या पायाशी लावू नका, फोटोसाठी मुलाला तिच्या तोंडासमोर उभे करू नका. आणि लगाम धरणाऱ्याने बाजूला व्हायला सांगितले तर वाद न घालता बाजूला व्हा.